शिडाच्या बोटीवर फोन: राखीव दिशादर्शकाचे दोन मोसम

मुंबईच्या गेटवेपासून खांदेरी बेट सरळ रेषेत सुमारे १३ सागरी मैलांवर, जवळजवळ थेट दक्षिणेला आहे. ऑक्टोबर ते मे या काळात आमची २८ फुटी शिडाची बोट बहुधा याच टापूत फिरते. बोटीवर चार्टप्लॉटर, म्हणजे सागरी नकाशावर बोटीचे स्थान दाखवणारे यंत्र, आहे आणि तो नीट चालतो. तो ऐनवेळी बंद पडला तर काय, एवढ्याच प्रश्नासाठी मी गेले दोन मोसम फोनवर दोन अॅप्स वापरत आहे. त्यांतले पहिले नाव्हिऑनिक्स वार्षिक वर्गणीवर मिळते आणि २०१७ पासून गार्मिन कंपनीकडे आहे. दुसरे ओपनसीपीएन मुक्तस्रोत असून संगणकावर मोफत चालते.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. किनारा मागे पडला आणि मोबाइलचे सिग्नल गेले की फोनवरचा नकाशाही निकामी होतो, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. फोन उपग्रहांचे संकेत स्वतःच ग्रहण करतो आणि उघड्या आकाशाखाली त्याची चूक साधारण ५ मीटरच्या आसपास राहते. अट एवढीच, की त्या टापूचा नकाशा घरूनच उतरवून घेतलेला असावा. मी यासाठी सिमकार्ड नसलेला जुना फोन ठेवला आहे. नेटवर्कची मदत नसल्यामुळे त्याला पहिले स्थान सापडायला कधी कधी काही मिनिटे लागतात, म्हणून नांगर उचलण्यापूर्वीच तो सुरू करून ठेवतो.

नाव्हिऑनिक्सची मोठी सोय म्हणजे ते शिकावे लागत नाही. एका हातात सुकाणू असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जे करता येईल तेवढेच समुद्रावर उपयोगाचे, आणि या कसोटीवर ते उतरते. ओपनसीपीएनची मूळ घडण संगणकासाठीची आहे, नकाशेही आपणच मिळवून बसवावे लागतात. मात्र मार्ग आखण्याची आणि नोंदी ठेवण्याची त्याची ताकद मोठी आहे. त्यामुळे आदल्या रात्री घरी ओपनसीपीएन आणि पाण्यावर नाव्हिऑनिक्स, अशी वाटणी आपोआप झाली.

दोन्हींना लागू असलेला खरा धोका झूमचा आहे. असे नकाशे लहान प्रमाणावर, म्हणजे मोठा टापू एकदम दिसेल असे, पाहिले की पडद्यावर गर्दी होऊ नये म्हणून काही तपशील गाळले जातात, आणि गाळलेला तपशील नेमका खडकही असू शकतो. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये व्होल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतील ‘टीम वेस्टास विंड’ ही ६५ फुटी नौका मॉरिशसच्या ईशान्येकडील कार्गादोस काराजोस प्रवाळखडकांवर चढली. नऊही खलाशी बचावले, पण तो धोका इलेक्ट्रॉनिक नकाशात नव्हता असे नाही; तो दिसेल इतका नकाशा मोठा करून पाहिला गेला नव्हता. सर्वोत्तम साधने असलेल्या नौकेवर हे घडते, तर सहा इंची पडद्यावर खांदेरी-उंदेरी आणि थळजवळचे खडक पाहताना आळस करून चालणार नाही. शिवाय नकाशातली खोली हा त्या क्षणीच्या प्रत्यक्ष खोलीचा आकडा नव्हे. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो, तेव्हा भरतीचा हिशेब डोक्यातच करावा लागतो. कोळ्यांची डोल जाळी आणि ती ज्यांना बांधतात ते खुंट तर या नकाशांत शोधूच नयेत. तिथे डोळेच हवेत.

पडद्यावरच्या बाणाबद्दलही सांगितले पाहिजे. बोट पुढे सरकत असते तेव्हा बाण प्रत्यक्ष गमनाची दिशा दाखवतो, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, नव्हे. ओहोटीच्या ओढीत या दोन दिशांत बराच फरक पडतो. वारा पडून वेग अर्ध्या नॉटवर आला की बाण भोवऱ्यासारखा गरगरतो. पहिल्या मोसमात माझ्याकडून एक मूर्खपणाही झाला: चुंबकाचा फोनधारक मी होकायंत्राच्या शेजारीच बसवला आणि दोन फेऱ्या होकायंत्रच चुकते आहे म्हणून त्याला दोष देत राहिलो. राखीव साधनानेच मुख्य साधन बिघडवले होते.

फोनच्या शरीराच्या मर्यादा वेगळ्याच. एप्रिलच्या दुपारी उघड्यावर ठेवलेला फोन तापून चार्जिंग थांबवतो, आणि पडद्यावर खारे पाणी उडाले की बोटाला प्रतिसाद देईनासा होतो. जलरोधक पिशवी आणि सावली, हे दोन्ही लागतात. वीज बोटीच्या बॅटरीवरून न घेता स्वतंत्र पॉवर बँकेवरून घ्यावी, कारण चार्टप्लॉटर बहुधा त्याच बॅटरीपायी बंद पडलेला असणार. नांगर घसरल्यास गजर देणारे आणखी एक अॅप मी मांडव्याला रात्री लावले होते. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने ते परस्पर बंद केले आणि पहाटे जाग आली ती शेजारच्या बोटीवरच्या हाकांनी. आता ती बचत-सेटिंग आधी बंद करतो आणि तरीही पाळीने जागतो.

इंटरनेटवरून जहाजांची स्थाने दाखवणारी अॅप्स मी या कामासाठी बाद केली. किनाऱ्यावरच्या केंद्रांतून फिरून येणारी ती माहिती शिळी असू शकते, आणि बंदराच्या जलमार्गात येणारे मालवाहू जहाज तेवढी सवलत देत नाही.

नाव्हिऑनिक्सची वर्गणी येत्या ऑक्टोबरला पुन्हा भरणार आहे. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचा कागदी नकाशा तरीही केबिनच्या मेजावर असतो आणि दर अर्ध्या तासाला फोनवरचे अक्षांश-रेखांश मी त्यावर पेन्सिलीने टिपतो. सध्या चिंता आहे ती जुन्या फोनच्या फुगत चाललेल्या बॅटरीची. ती मोसमापूर्वी बदलून घ्यायची आहे.