बोर्डावरच्या कामांना मर्यादा: काही महिने वापरल्यावर

मी एका सॉफ्टवेअर टीममध्ये टेस्टर आहे, तेव्हा माझं मत थोडं एकतर्फी वाटलं तर वाटू दे. आमच्या बोर्डावर प्रत्येक काम म्हणजे एक कार्ड, आणि ते डेव्हलपमेंट, रिव्ह्यू, टेस्टिंग अशा रकान्यांतून डावीकडून उजवीकडे सरकतं. टीममधला सगळा उशीर शेवटी आमच्याच रकान्यात येऊन साचतो.

आमच्याकडे दोन आठवड्यांचे स्प्रिंट, म्हणजे कामाचे ठरावीक मुदतीचे टप्पे, आधीपासून चालू होते. प्लॅनिंग, स्टँडअप (रोजची छोटी बैठक), रेट्रो (काय चुकलं, काय जमलं ते बघायची बैठक), सगळं रीतसर. तरीही स्प्रिंट संपायला दोन दिवस उरले की टेस्टिंगमध्ये एकदम झुंबड उडायची आणि बरीच कार्डं 'जवळजवळ झालंय' म्हणत पुढच्या स्प्रिंटमध्ये जायची. मग आमच्या लीडने कानबान नावाच्या कामाच्या पद्धतीतली एक गोष्ट उचलली. बोर्डावरच्या प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक आकडा लिहिला. तेवढी कार्डं भरली की नवीन कार्ड आत घ्यायचं नाही. स्प्रिंट तसेच ठेवले, त्यांना हात लावावा लागला नाही.

सहा डेव्हलपर आहेत, म्हणून डेव्हलपमेंटला पाच. रिव्ह्यूला, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने तपासायला, दोन, टेस्टिंगला तीन. पाच मुद्दाम ठेवले. सहा ठेवले असते तर प्रत्येकाने आपापलं कार्ड धरून बसायचं, म्हणजे मर्यादा नावापुरतीच.

सुरुवातीचे आठवडे वाईट गेले, हे आधीच सांगते. हाताला काम नसलेला माणूस कुणाला बघवत नाही, आणि त्या माणसाला स्वतःला तर अजिबात नाही. एकदा एका डेव्हलपरचं कार्ड झालं, पण रिव्ह्यूमध्ये आधीच दोन अडकलेली. तो वैतागून म्हणाला, "मग मी काय करू, बसून राहू?" लीड म्हणाला, "त्यातलं एक उघड आणि रिव्ह्यू कर." त्याने उघडलं तर लॉगिनच्या एका बदलासाठी तीस-एक फायलींना हात लावलेला. ते कार्ड कुणी का उघडत नव्हतं, हे तिथं कळलं. ज्याचं होतं त्याला शेजारी बसवून दोघांनी त्याचे तीन तुकडे केले आणि संध्याकाळपर्यंत पहिला तुकडा माझ्याकडे आला. 'छोटे बदल पाठवा' असं रेट्रोमध्ये किती वेळा बोलून झालं होतं. आता मोठा बदल पाठवला की मागच्या सगळ्यांची वाट अडते आणि ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे बदल आपोआप लहान होत गेले.

यामागचं गणित जुनं आहे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये ते सिद्ध करून दाखवलं: व्यवस्थेत सरासरी जेवढी कामं असतात, ती म्हणजे कामं येण्याचा सरासरी वेग गुणिले एका कामाला लागणारा सरासरी वेळ. टीम दिवसाला दोन कार्डं संपवत असेल आणि तेवढीच नवी घेत असेल, तर वीस उघडी असताना एका कार्डाला सरासरी दहा दिवस लागणार, दहा उघडी असताना पाच. अट एवढीच की संपवण्याचा वेग तोच राहायला हवा. आमचा राहिला.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक लीडच्या कामात पडला. आधी स्टँडअपला तो एकेकाला विचारायचा: काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. हे तीन प्रश्न स्क्रम गाइडच्या (स्प्रिंट ज्या स्क्रम पद्धतीतून आले तिच्या अधिकृत पुस्तिकेच्या) 2020 च्या आवृत्तीतून काढून टाकलेत, पण कितीतरी टीममध्ये ते अजून आरतीसारखे म्हटले जातात. आता आम्ही बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचतो. रिलीजच्या सर्वांत जवळचं कार्ड आधी, आणि प्रश्न एकच: हे इथं का थांबलंय? प्रश्न कार्डाला असल्यामुळे माणूस पिंजऱ्यात उभा राहत नाही. टीममधली नवी मुलंसुद्धा "मला हे कळत नाहीये" असं सरळ सांगायला लागली. स्टँडअपला पंधरा मिनिटंही क्वचितच लागतात.

बाहेरून 'एवढं एकच छोटं काम' आलं तरी आता लीडला वाद घालावा लागत नाही. तो प्रॉडक्ट ओनरला, म्हणजे कुठलं काम आधी ते ठरवणाऱ्याला, बोर्ड दाखवतो आणि विचारतो, हे आत घ्यायचं तर यातलं कुठलं बाहेर काढू? बरीच छोटी कामं तिथंच थांबतात. अर्थात हे चालतं ते लीड स्वतः आकडा पाळतो म्हणून. वरच्यांना खूश करायला गुपचूप बोर्डाबाहेर एखादं काम सुरू केलं, तर त्या आकड्याला कुणी विचारणार नाही.

आता तक्रारी. मर्यादा चुकवायची म्हणून लोक कार्डं 'ब्लॉक्ड' रकान्यात नेऊन ठेवायला लागले आणि त्या रकान्याचं गोदाम झालं. शेवटी तो रकाना काढला. अडकलेलं कार्ड आता जागेवरच लाल होतं आणि मर्यादेत मोजलं जातं. तातडीच्या कामांसाठी वेगळी ओळ ठेवली होती, तिथं सगळंच तातडीचं व्हायला लागलं, म्हणून तिलाही एकची मर्यादा. दुसऱ्या टीमवर अवलंबून असलेल्या कामाला याचा काहीही उपयोग नाही, ते लाल होऊन तसंच पडून राहतं. आणि डेटाबेसचं काम एकाच माणसाला येत असल्यामुळे त्याच्यापाशी सतत अडायचं. दुसऱ्या कुणाला ते शिकवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि ते अजून पूर्ण झालेलं नाही.

वरून व्हेलॉसिटीचा, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाजी आकडा) संपले त्याचा, आग्रह आहेच. स्टोरी पॉइंट स्क्रम गाइडमध्ये कुठंच नाहीत, पण हे सांगून कुणाचं समाधान होत नाही. आम्ही पॉइंटांच्या शेजारी प्रत्येक कार्ड सुरू झाल्यापासून संपेपर्यंतचे दिवस दाखवायला लागलो. हल्ली मीटिंगमध्ये पॉइंटांबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

दोन-तीन जणांच्या टीमला याची फारशी गरज नाही, तिथं कोण कशात अडकलंय ते असंही दिसतं. त्याहून मोठी टीम असेल तर एकदम सगळ्या रकान्यांना आकडे लावू नका. ज्या रकान्यात कार्डं साचतात त्या एकालाच लावा, आणि पहिला आकडा आत्ता तिथं असलेल्या कार्डांपेक्षा थोडाच कमी ठेवा. आम्ही एकदम सगळीकडे लावले आणि पहिल्या आठवड्यातली निम्मी भांडणं त्यावरूनच झाली.