जिभेखालचा पडदा कापावा, की आधी पकड सुधारावी?

बाळाला टंग-टाय, म्हणजे जिभेखालचा पडदा आखूड असल्याचे निदान झाले आणि दूध पाजताना स्तनाग्रांना चिरा पडू लागल्या की घरात दोन मते होतात. जिभेखालचा आखूड पडदा दिसला म्हणजे अडचण त्याचीच, असे मात्र नाही. असा पडदा असलेली कित्येक बाळे व्यवस्थित दूध पितात.

परिणाम पाहिला, तर पडदा कापल्यावर आईच्या वेदना लवकर कमी होतात, असे 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात) आढळले. बाळाचे दूध पिणे मात्र सातत्याने सुधारल्याचे दिसले नाही. पकड, म्हणजे बाळाची स्तन तोंडात धरण्याची पद्धत, सुधारण्यासाठी प्रशिक्षित स्तनपान सल्लागार लागतो. बाळाचे तोंड मोठे उघडेपर्यंत थांबायचे, हनुवटी स्तनाला टेकवायची आणि नुसते स्तनाग्र नव्हे, तर भोवतीचा काळसर भागही तोंडात जाऊ द्यायचा, हे शिकायला धीर हवा आणि घरच्यांची साथही.

कापण्याला काही क्षणच लागतात. पण रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा पडदा पुन्हा चिकटण्याचा थोडा धोका असतो, म्हणून जन्मानंतर रक्त गोठायला मदत करणारे व्हिटॅमिन के दिले होते का, हे आधी विचारावे. लेसर कात्रीपेक्षा सरस असल्याचा भक्कम पुरावा नाही, खर्च मात्र जास्त.

वजन वाढत असेल आणि दुखणे सोसण्याजोगे असेल, तर पकडीवर मेहनत घ्यावी. योग्य मदतीनंतरही वेदना टिकल्या, जीभ खालच्या हिरडीपुढे येत नसली किंवा वजन अडले, तर बालरोगतज्ज्ञांकडून तपासून पडदा कापणे योग्य. तोवर काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजावे.