तालुक्याचा फोटोवाला की नागपूरची टीम?

यवतमाळ जिल्ह्यात आमच्या दारव्ह्याकडच्या लग्नात फोटोसाठी सहसा दोनच वाटा असतात: तालुक्यातला स्टुडिओवाला, नाहीतर नागपूरहून येणारी टीम.

तालुक्यातल्याला आपली माणसं ठाऊक असतात. नवरीचा मामा कोण, रुसून मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसलेला काका कोण, हे त्याला सांगावं लागत नाही. आहेराच्या रांगेत कुणाचा फोटो सुटला तर वर्षभर ऐकावं लागतं, हेही तो जाणतो. खोट एकच. बोहल्यावर तो थेट समोरून फ्लॅश मारतो. नवरीचा चेहरा पांढराफटक नि मागचा मांडव काळाकुट्ट.

नागपूरवाले इथे सरस. फ्लॅश वरच्या पांढऱ्या कापडाकडे वळवतात, उजेड मऊ उतरतो. पण नागपूर ते यवतमाळच सुमारे १५० किलोमीटर. पुढचा प्रवास, मुक्काम, जेवण आपल्या अंगावर. त्यात मे महिन्यात पारा ४५ ला आणि यांना जोडप्याचे फोटो दुपारी दोनला हवेत! त्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. साडेपाचनंतर शेताच्या बांधावर काढा म्हणावं.

माझ्या बहिणीच्या हळदीचे सगळे फोटो गेले. कॅमेऱ्यात एकच कार्ड, तेच बिघडलं. तेव्हापासून मी कुणालाही आधी विचारतो, फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतात का? आणि निवडक फोटो नको, एका लग्नाचा अख्खा अल्बम दाखवा.

दिवसाचं लग्न असेल तर मी तालुक्यातलाच घेईन. रात्रीच्या रिसेप्शनला नागपूरचे चालतील, पण आहेराच्या वेळी त्यांच्याजवळ घरचा एक माणूस उभा करून.