एनसीएल, फाउंड्री की उसाचा बगॅस?

भाची शाश्वत पदार्थविज्ञानात, म्हणजे पर्यावरणाला कमी जड जाणारे पदार्थ घडवण्याच्या शास्त्रात, एमएस्सी करून सांगली जिल्ह्यातल्या पलूसला परत आलीय. "मामा, पुण्याला संशोधनाला जाऊ, इथंच कुठं चिकटू, की स्वतःचं काही काढू?"

पुण्याच्या एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी पीएचडी करायची आणि जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. अडचण अशी की त्यासाठीच्या सीएसआयआर नेट परीक्षेत 'शाश्वत पदार्थ' असा विषयच नाही. रसायन नाहीतर भौतिकशास्त्राचा पेपर द्यावा लागतो. ज्याचं बीएस्सीचं रसायन आटलंय, त्याची गाडी इथंच अडते.

दुसरी वाट फाउंड्रीची, म्हणजे धातू वितळवून वाळूच्या साच्यात ओतणाऱ्या कारखान्याची. पंपांची किर्लोस्करवाडी शेजारी, कोल्हापूरच्या शिरोलीतल्या भट्ट्याही लांब नाहीत. वापरलेली वाळू पुन्हा कामाला लावणं, भंगाराची प्रत, भट्टीची वीज, सगळं तिच्याच विषयातलं. फक्त जाहिरातीत पदवीचं नाव सापडणार नाही. 'मेटलर्जी', 'क्वालिटी', 'प्रोसेस' असं शोधायचं. १ जानेवारी २०२६ पासून युरोपचा कार्बन सीमाकर, म्हणजे माल बनवताना निघालेल्या कार्बनवर आयातीवेळी लागणारा आकार, प्रत्यक्ष सुरू झालाय. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट त्यात आहे. आज प्रत्येक कास्टिंग (ओतीव भाग) त्या यादीत नाही, पण टनामागे किती कार्बन हे कागदावर मांडणारा माणूस युरोपला माल धाडणाऱ्याला हवाच. पगार सुरुवातीला फेलोशिपपेक्षा जास्त असेलच असं नाही.

आता बगॅसच्या, म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या उसाच्या चोथ्याच्या ताटल्या. उसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात ही कल्पना एकदा तरी निघतेच, आणि १ जुलै २०२२ ला प्लास्टिकच्या ताटल्यांवर देशभर बंदी आल्यापासून जरा जास्तच. एक टन ऊस गाळला की अंदाजे ३०० किलो बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी. तो फुकटचा कचरा आहे हा मात्र गैरसमज. कारखान्याचा बॉयलर त्यावरच चालतो, सहवीज प्रकल्प असेल तर वीजही विकली जाते. म्हणजे आपली स्पर्धा थेट बॉयलरशी. शिवाय गाळप काही महिन्यांचं, ताटल्या बारा महिने हव्यात. साठवलेला बगॅस कुजतो, वाळला तर पेट घेतो. लगदा करण्याआधी त्यातला भुसभुशीत गर वेगळा काढावा लागतो, ते यंत्र वेगळंच. मग लोक तयार लगद्याचे तक्ते विकत आणून नुसते दाबतात. त्याला एमएस्सी कशाला?

साखरेपासून पीएलए हे जैविक प्लास्टिक करणं हे खरं तिच्या शिक्षणाचं काम, पण ते घरच्या भांडवलाचं नव्हे. बलरामपूर चिनी या साखर कंपनीने उत्तर प्रदेशात हाती घेतलेला प्रकल्प वर्षाला ८०,००० टनांचा आहे. पुण्याच्या प्राज कंपनीने जेजुरीला अशा प्लास्टिकचं प्रात्यक्षिक केंद्र उभारलंय. अशा ठिकाणी नोकरीचा अर्ज टाकावा, आपलं शेड बांधू नये.

माझं मत मी तिला सांगितलं: दोन वर्षं फाउंड्री, आणि रात्री रसायनाचे जुने पेपर. तिला पटलंय. दाजी मात्र ताटल्यांच्या प्रेसचं कोटेशन मागवून बसलेत.