नागपूरच्या उन्हात १४ महिने: पुढे स्वेड, मागे लेदर आणि मध्ये आईच्या केसांचं तेल

गाडीच्या सीट नव्याने करून घेतल्या, त्याला दोन उन्हाळे आणि एक पावसाळा झाल्यावर हे लिहितोय. नवव्या महिन्यातच लिहायला बसलो होतो. तेव्हा पूर्ण केलं असतं तर "स्वेडच्या वाटेला जाऊ नका" एवढंच लिहिलं असतं, इतका वैतागलो होतो. आज तसं म्हणणार नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये कंपनीच्या कापडी सीट काढून नवं काम करून घेतलं. पुढच्या दोन सीटना, हेडरेस्टसकट, सिंथेटिक स्वेड (मखमलीसारखी बारीक लव असलेलं कापड) आणि मागे अस्सल लेदर, सगळं मिळून ४८,००० रुपये. गाडी अजून दहा वर्षं वापरायची आहे, म्हणून एकदाच खर्च करू असा विचार होता. समोरच्या सीटमध्ये साइड एअरबॅग आहे, त्यामुळे दाराकडची शिवण बंद करायची नाही हे उभं राहून बघितलं. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, एवढं मात्र बघाच. कव्हर घट्ट शिवलं की एअरबॅग वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही.

पहिल्या मे महिन्यात स्वेडने जीव जिंकला. आमच्याकडे पारा ४५ पर्यंत जातो. ऑफिसबाहेर उन्हात उभ्या गाडीत दुपारी बसलो तर पुढची सीट गरम लागायची, पण चटका बसायचा नाही. मागच्या लेदरवर मुलगी फ्रॉक घालून बसली की "बाबा, भाजतंय" म्हणून ओरडायची. शेवटी तिथे टॉवेल अंथरला, तो आजही तिथेच आहे. एवढे पैसे लेदरला मोजले आणि बसतो टॉवेलवर, हे मला अजून खटकतं. शिवाय वळणावर स्वेडवरून अंग घसरत नाही आणि थंडीत पहाटे सीट गार लागत नाही.

मग हेडरेस्ट.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती नेहमी पुढे डावीकडे बसते. तिच्या केसांना रोज खोबरेल तेल असतं. तिला "तेल लावू नकोस" म्हणणं मला जमणार नाही आणि जमायलाही नको. सहाव्या महिन्यात तिच्या हेडरेस्टवर तळहाताएवढा काळपट गुळगुळीत पट्टा दिसायला लागला. नवव्या महिन्यापर्यंत तिथली लव पूर्ण चिकटून बसली. गाडीत बसलो की माझी नजर आधी तिथेच जायची. बाकीची सीट नव्यासारखी होती, पण मला फक्त तेवढंच दिसायचं.

दुकानात गेलो. एक वर्षाची वॉरंटी तोंडी दिली होती, आता म्हणाले तेलाचा डाग त्यात बसत नाही. "तरी साफ करून देतो" म्हणून पोराला बोलावलं आणि त्याने थेट लेदरचं कंडिशनर चोळलं! स्वेडवर! पट्टा दुप्पट मोठा झाला, वर पापुद्र्यासारखा कडकपणा आला. मी भांडलो. मालक म्हणाले, तुमच्या वापरण्यातली चूक आहे. जो माणूस हा माल विकतो त्यालाच तो कशाचा बनलाय हे ठाऊक नसावं, याचा राग अजून गेलेला नाही.

घरी येऊन स्वतः वाचत बसलो, तिथून माझं मत फिरलं. हे कातडं नाहीच. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये हा प्रकार शोधला. दोन पॉलिमरचे (प्लास्टिकच्या जातीचे पदार्थ) एकत्र धागे काढायचे, ते सुयांनी एकमेकांत गुंतवायचे आणि मग त्यातलं एक पॉलिमर विरघळवून टाकायचं, की उरतात केसाहून कितीतरी बारीक तंतू. त्यात पॉलियुरेथेन (एक लवचिक प्लास्टिक) भरतात आणि वरून घासून लव काढतात. असंच कापड बनवणारी अल्कांटारा ही इटलीतली कंपनी १९७२ ची, तिच्या मालात साधारण ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन. आपल्या दुकानांत मात्र लव असलेल्या कुठल्याही कापडाला सर्रास अल्कांटारा म्हणतात. माझं अल्कांटारा नाही, पण जात तीच.

म्हणजे जनावराच्या कातड्याच्या खऱ्या स्वेडसारखी पाण्याची भीती नाही. पांढरं सुती फडकं कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलं, थेंबभर सौम्य साबण लावला आणि डागाच्या कडेकडून मध्याकडे पुसत गेलो. दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घेतली. मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढला, सावलीत वाळवलं आणि मऊ ब्रशने लव उठवली. तीन रविवार गेले. कंडिशनरचा कडक भाग पूर्ण गेला नाही, पण तेलाचा पट्टा जवळजवळ दिसेनासा झाला. त्या दिवशी मला खरंच आनंद झाला.

लेदरवर अन्याय नको. मुलीने उसाचा रस सांडला तेव्हा दोन मिनिटांत सीट कोरडी झाली, पुढे सांडला असता तर अर्धा दिवस गेला असता. पण ऑगस्टमध्ये गाडी बारा दिवस बंद होती तेव्हा लेदरच्या शिवणीवर पांढरी बुरशी आली, स्वेडला काही झालं नाही. आणि गाडीच्या लेदरवर बहुतेक वेळा रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर असतो, म्हणजे हाताला लागतो तो हा थरच. "कातड्याचा स्पर्श" म्हणून जास्त पैसे देत असाल तर आधी कापलेली कड बघून घ्या. तंतू दिसले तर कातडं, खाली विणलेलं कापड दिसलं तर रेक्झीनचाच भाऊबंद.

आज पुन्हा करायचं झालं तर बसायचा आणि पाठीचा भाग चारही ठिकाणी स्वेडचा करीन, मागेसुद्धा. लेदर फक्त डोकं आणि हात टेकतात तिथे. स्टीअरिंगला स्वेड अजिबात नको. रेसिंगवाले हातमोजे घालून चालवतात, आपण घामेजल्या हातांनी.

गेल्या महिन्यात एका कुशनवाल्याकडून पुढच्या दोन्ही हेडरेस्टना लेदरची कव्हरं शिवून घेतली, १,८०० रुपये लागले. आई आता निवांत डोकं टेकून झोपते. जुनं डाग पडलेलं कव्हर मी टाकलेलं नाही, गाडीतच ठेवलंय. ओळखीतलं कुणी सीट करायला निघालं की त्यावर हात फिरवायला देतो, कंडिशनर लागलेल्या भागावर आणि न लागलेल्या भागावर.