पिक्सेल ९ए की आयफोन १६ई? हिशेब सात वर्षांचा

पन्नास ते सत्तर हजार रुपयांच्या टप्प्यात फोन घेऊ पाहणाऱ्याशी दुकानदार सर्वांत आधी कॅमेऱ्याविषयी बोलू लागतो आणि त्या बोलण्यात खरा प्रश्न मागे पडतो. या किमतीचा कोणताही नामांकित फोन आज वेगात किंवा छायाचित्रांत निराश करत नाही. फरक पडतो तो त्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे फोन चालवणाऱ्या मूळ प्रणालीची, देखभाल कोण करणार, किती वर्षे करणार आणि तो फोन आपल्या गावात दुरुस्त होणार का, यांमुळे. २०२५ च्या पूर्वार्धात भारतात विक्रीस आलेले गुगलचा पिक्सेल ९ए आणि ॲपलचा आयफोन १६ई हे दोन फोन या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत, कारण दोन्ही आपापल्या घराण्यातली धाकटी, कमी खर्चाची भावंडे आहेत आणि दोन्हींच्या बाबतीत ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारी आणि तो फोन विकणारी कंपनी एकच आहे.

आधी किमतीचा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. विक्रीस आला तेव्हा पिक्सेल ९ए ४९,९९९ रुपयांना होता आणि त्यात २५६ जीबी साठवण मिळत होती. आयफोन १६ई ५९,९०० रुपयांपासून सुरू झाला, पण ती किंमत १२८ जीबीची. २५६ जीबीसाठी ६९,९०० रुपये मोजावे लागत. दोन्हींत मेमरी कार्ड घालण्याची सोय नाही, आणि गणपतीचे व्हिडिओ, शाळेच्या ग्रुपवर येणाऱ्या पीडीएफ व नातेवाइकांचे रोजचे सुप्रभात संदेश साठवणाऱ्या घरात १२८ जीबी सात वर्षे, म्हणजे गुगलने पिक्सेलला अपडेट देण्याचे आश्वासन दिले आहे तेवढा काळ, पुरतील, असे मानणे धाडसाचे आहे. तेव्हा ‘दहाच हजार जास्त’ हे वाक्य ऐकायला गोड असले, तरी खरा फरक वीस हजारांच्या आसपासचा आहे. सात वर्षांत विभागला, तर पिक्सेलचा खर्च वर्षाला सुमारे ७,१४० रुपये आणि आयफोनचा ९,९८५ रुपये पडतो. जुना आयफोन विकताना तुलनेने चांगली किंमत येते हे खरे. पण जो सात वर्षे वापरायचा आहे, त्याच्या पुनर्विक्रीला फार महत्त्व देण्यात अर्थ नाही.

यंत्राविषयी थोडक्यात सांगतो. पिक्सेलचा पडदा ६.३ इंचांचा असून तो सेकंदाला १२० वेळा ताजा होतो, बॅटरी ५,१०० एमएएचची आहे आणि मागे दोन कॅमेरे आहेत. आयफोनचा पडदा ६.१ इंचांचा, सेकंदाला ६० वेळाच ताजा होणारा, आणि मागे कॅमेरा एकच. साठ हजारांच्या फोनमध्ये ६० हर्ट्‌झचा पडदा देणे हा निव्वळ कंजूषपणा आहे, मग त्याचे समर्थन कोणी कसेही करो. दुसऱ्या बाजूने, आयफोनमधली ए१८ चिप पिक्सेलच्या टेन्सर जी४ पेक्षा स्पष्टपणे सरस आहे, त्याचे व्हिडिओ चित्रीकरण माझ्या मते अधिक भरवशाचे आहे आणि अवघ्या १६७ ग्रॅम वजनामुळे तो हातात हलका वाटतो. सिमच्या बाबतीत दोन्ही सारखेच: एक नेहमीचे सिम आणि एक ई-सिम, म्हणजे वेगळ्या कार्डाशिवाय चालणारे सिम.

मुख्य मुद्दा अद्यतनांचा, म्हणजे अपडेट्सचा. अँड्रॉइडची जुनी दुखरी बाजू हीच होती. गुगलने नवी आवृत्ती तयार केली, की चिप बनवणारी कंपनी ती आपल्या चिपला जुळवून घेणार, त्यानंतर फोनची कंपनी त्यावर स्वतःचा साज चढवणार, आणि या साखळीतली एक कडी जरी ढिली पडली तरी ग्राहकाच्या हातातला फोन दीड-दोन वर्षांतच मागे राहणार, असा तो प्रकार होता. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये गुगलने चिपशी निगडित भाग उरलेल्या प्रणालीपासून वेगळा केला आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून सुरक्षेचे काही भाग थेट प्ले स्टोअरमार्फत बदलण्याची सोय केली. त्या पायाभरणीनंतरच ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांचे आश्वासन देणे शक्य झाले. पिक्सेल ९ए ला तेच आश्वासन लागू आहे.

मात्र हे आश्वासन अजून कागदावरच आहे. सात वर्षांची मुदत पूर्ण केलेला एकही पिक्सेल आज दाखवता येत नाही. त्यातला पहिला, पिक्सेल ८, ती २०३० मध्ये पूर्ण करील. २०२१ च्या पिक्सेल ६ ला मुळात नव्या आवृत्त्या तीनच वर्षे मिळणार होत्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गुगलने ती मुदत पाच वर्षांपर्यंत वाढवली, हे गुगलच्या बाजूचे शुभचिन्ह म्हणता येईल. ॲपलचे नेमके उलटे आहे. ती कंपनी खोक्यावर वर्षे छापत नाही, आणि ब्रिटनमधल्या कायद्यामुळे आयफोन १५ प्रो मॅक्सविषयी आकडा जाहीर करावा लागला तेव्हा तिने किमान पाच वर्षे एवढेच लिहून दिले. पण तिचा इतिहास त्याहून उदार आहे. २०१८ चे आयफोन एक्सएस आणि एक्सआर हे आयओएस १२ (आयओएस म्हणजे आयफोनची ऑपरेटिंग सिस्टिम) घेऊन आले, त्यांना आयओएस १८ पर्यंतची प्रत्येक आवृत्ती मिळाली आणि सप्टेंबर २०२५ मधल्या त्यापुढच्याच आवृत्तीच्या, म्हणजे आयओएस २६ च्या, वेळीच ते यादीतून गळले. २०१३ च्या आयफोन ५एस ला तर जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेची दुरुस्ती पोहोचली होती. एकाकडे लेखी शब्द आहे, दुसऱ्याकडे अनुभव आहे. ज्यांना व्यवहारात कागदापेक्षा पूर्वानुभव मोठा वाटतो, त्यांनी या एका मुद्द्यावर आयफोनला झुकते माप दिले, तर त्यांना चूक म्हणता येणार नाही.

अर्थात, प्रणाली सात वर्षे ताजी राहिली तरी बॅटरी तेवढी टिकत नाही. ॲपल आयफोन १५ पासूनच्या फोनांसाठी हजार वेळा चार्ज केल्यावर ८० टक्के क्षमता उरेल असे सांगते. पिक्सेल ९ए मध्ये गुगलने बॅटरीच्या रक्षणासाठी अशी योजना केली आहे, की दोनशे चार्जिंग-चक्रांपासून हजार चक्रांपर्यंत बॅटरीचा कमाल विद्युतदाब (व्होल्टेज) टप्प्याटप्प्याने उतरवला जातो, आणि या फोनवर ती योजना बंद करण्याचा पर्याय मालकाला नाही. सुरक्षिततेसाठी हे योग्य असेलही. परंतु रोज एकदा चार्ज करणाऱ्याच्या हातात पहिल्या वर्षातच हा उतार सुरू होतो, हे विकताना कोणी ठळकपणे सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी नवी बॅटरी बसवावी लागणार, हे दोन्ही फोनांच्या बाबतीत गृहीत धरावे.

आणि तेथेच सेवा केंद्राचा प्रश्न उभा राहतो, जो महाराष्ट्रातल्या वाचकासाठी माझ्या मते सर्वांत निर्णायक आहे. ॲपलचे स्वतःचे दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एप्रिल २०२३ मध्ये आणि पुण्यात कोरेगाव पार्क येथे सप्टेंबर २०२५ मध्ये उघडले. अधिकृत दुरुस्ती केंद्रे त्याव्यतिरिक्त आहेत. गुगलने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या सेवा केंद्रांची घोषणा केली, ती दिल्ली, बंगळूर आणि मुंबई या शहरांपुरती होती. मुंबईत राहणाऱ्याला याचे काही वाटणार नाही, पण नांदेड, चंद्रपूर किंवा सावंतवाडीच्या ग्राहकाने पिक्सेल घेण्यापूर्वी आपल्या पिनकोडवर कोणती सेवा मिळते, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे आणि फोन कुरिअरने पाठवून तेवढे दिवस दुसऱ्या फोनवर काढता येतील का, याचा विचार करावा. ते जमणार नसेल, तर सॅमसंगचा गॅलेक्सी ए५६ हा अधिक समंजस पर्याय ठरतो: त्याची किंमत बाजारात आला तेव्हा सुमारे ४२,००० रुपयांपासून होती, आश्वासन सातऐवजी सहा वर्षांचे आहे, पण सॅमसंगची सेवा केंद्रे जिल्ह्याच्या ठिकाणी सहज सापडतात.

मराठीच्या बाबतीत अँड्रॉइड अजूनही पुढे आहे, जरी अंतर बरेच कमी झाले आहे. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून संपूर्ण फोन मराठीत चालवता येतो आणि गुगलचे मराठी बोलून लिहिणे २०१७ पासून उपलब्ध आहे. आयफोनवर मराठी कळफलक पुष्कळ वर्षे होता, पण फोनची सगळी भाषा मराठी करण्याची सोय २०२५ मध्ये आयओएस १८.४ बरोबर आली. दुकानात हाती घेतलेल्या फोनवर ‘वऱ्हाडातल्या दुसऱ्या ऑफिसातले ॲप’ हे शब्द टाइप करून पाहावेत. र चा अर्धा भाग आणि ॲ विनासायास उमटले, की पुढचे सहसा नीट चालते. ज्यांचा दिवसभराचा पत्रव्यवहार मराठीत आहे, किंवा ज्यांच्या घरातली वडीलधारी माणसे बोलूनच संदेश लिहितात, त्यांनी या निकषावर निःशंकपणे पिक्सेल निवडावा.

सुरक्षिततेविषयी मात्र अँड्रॉइडच्या मोकळेपणाची दुसरी बाजू पाहिलीच पाहिजे. वाहतुकीच्या दंडाची पावती किंवा सरकारी योजनेचा अर्ज असल्याचे भासवून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (जी उघडली की प्ले स्टोअरबाहेरचे ॲप फोनवर बसते) धाडायची आणि ती उघडणाऱ्याचे बँक खाते रिकामे करायचे, हा फसवणुकीचा प्रकार आता खेड्यापाड्यांतही पोहोचला आहे. आयफोनवर भारतात ॲप स्टोअरबाहेरचे ॲप सामान्य ग्राहकाला बसवताच येत नाही. युरोपीय संघात कायद्याच्या रेट्यामुळे मार्च २०२४ पासून ती वाट उघडली, आपल्याकडे नाही. याउलट अँड्रॉइड १६ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन’ नावाची एक तरतूद आहे, जी चालू केली की बाहेरची ॲप बसवणे बंद होते. म्हणजे आयफोनमध्ये हे दार उघडत नाही, आणि पिक्सेलमध्ये ते आपण होऊन लावावे लागते. आईवडिलांना पिक्सेल द्यायचा असेल, तर ही तरतूद चालू करूनच त्यांच्या हाती द्यावा. जाहिरातदारांच्या पाळतीबाबत ॲपलची भूमिका अधिक ग्राहकहिताची आहे. एप्रिल २०२१ पासून प्रत्येक ॲपला इतरत्र माग काढण्यापूर्वी परवानगी विचारावी लागते. गुगलचे उत्पन्नच मुख्यतः जाहिरातींचे असल्यामुळे तिच्याकडून तेवढ्या कडकपणाची अपेक्षा मी करत नाही.

माझा कौल असा आहे, की मुंबईत किंवा तिच्या आसपास राहणाऱ्या आणि स्वतःच्या खिशातून पैसे मोजणाऱ्या ग्राहकाने पिक्सेल ९ए घ्यावा, सेवा केंद्र दूर असलेल्याने गॅलेक्सी ए५६ घ्यावा, आणि आयफोन १६ई त्यानेच घ्यावा ज्याच्या घरात आधीपासून ॲपलची उपकरणे आहेत किंवा ज्याला फोनच्या सेटिंग्जमध्ये कधीही डोकावायचे नाही. त्यानेही २५६ जीबीचाच घ्यावा.

एका प्रणालीतून दुसरीत जाणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. ॲपल विनामूल्य ५ जीबी आणि गुगल १५ जीबी ऑनलाइन साठवण देते, आणि आता दोन्हीकडे व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच जागेतून वजा होतो, म्हणून मासिक वर्गणीचा खर्च आधीच धरावा. व्हॉट्सॲपवरच्या गप्पा अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची अधिकृत सोय २०२२ पासून आहे आणि उलट दिशेनेही त्या तारेने जोडून नेता येतात; मात्र हे काम नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच उरकावे लागते, कारण नंतर ते करायचे, तर बहुधा फोनमधली सगळी माहिती पुसून तो नव्याने सुरू करावा लागतो. पैसे देऊन विकत घेतलेली ॲप एका स्टोअरमधून दुसऱ्यात जात नाहीत, तेव्हा अशी किती आहेत याची यादी जुना फोन देऊन टाकण्यापूर्वी करून ठेवावी.