तेलाच्या बॉयलरला पर्याय : मॅसॅच्युसेट्समधल्या जुन्या घरातला हीट पंप

बॉस्टनपासून तासाभराच्या अंतरावर असलेले आमचे लाकडी घर १९२८ सालचे असून, त्याच्या तळघरात २७५ गॅलनची तेलाची टाकी आणि ओतीव लोखंडाच्या रेडिएटरना गरम पाणी पुरवणारा बॉयलर आहे. २०२२ च्या वसंतात तेल गॅलनला पाच डॉलरच्या वर गेले, तेव्हा पर्याय शोधणे भागच पडले. आमच्या रस्त्याला गॅसची वाहिनी नाही. प्रोपेनच्या एका गॅलनमध्ये तेलाच्या साधारण दोन तृतीयांशच उष्णता असते. आणि लाकडी पेलेटच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्यांच्या, ४० पौंडी गोण्या हिवाळाभर तळघरात उतरवण्याचे माझे वय राहिलेले नाही. जमिनीतली उष्णता घेणारा पंप उत्तम खरा, पण अंगणात बोअर पाडण्याचा खर्च ऐकूनच तो विषय मिटला.

उरला बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर घरात खेचून आणणारा हीट पंप. तो रेडिएटरनाच जोडावा असे मनात होते. परंतु कडाक्याच्या थंडीत आमच्या रेडिएटरना ७० ते ८० अंश सेल्सियसचे पाणी लागते आणि असे बहुतेक पंप ५५ अंशांच्या आसपास दमतात, म्हणून अखेर भिंतीवरची युनिट बसवली. ती दिसायला थेट स्प्लिट एसीसारखी असल्याने फोटो पाहून पुण्याहून आईने विचारले, "बर्फात एसी कशाला रे?"

खरे काम त्याआधीचे होते. भिंतींत उष्णतारोधक भरण टाकायला गेल्यावर चिनी मातीच्या खुंट्यांवरून गेलेली जुनी वायरिंग सापडली. तिच्यावर भरण टाकणे धोक्याचे असल्यामुळे आधी ती बदलावी लागली. हा खर्च कोणत्याच कोटेशनमध्ये नव्हता.

४ फेब्रुवारी २०२३ रोजी बॉस्टनमध्ये पारा उणे २३ अंशांवर गेला, त्या रात्री खालच्या खोल्या १९ अंशांवर टिकल्या, मात्र छपराखालची कोपऱ्यातली खोली १६ वर अडकल्याने बॉयलर पेटवला. बाहेरचे युनिट स्वतःवरचे दव-बर्फ वितळवताना मधूनमधून थांबते आणि वाफेचा लोट सोडते, त्यात काही बिघाड नाही. पण आमच्या ठेकेदाराने ते नेमके छपराच्या पागोळ्यांखाली ठेवल्याने पहिल्या हिवाळ्यात मला पहारीने बर्फ फोडावा लागला.

पैशांचा हिशेब मात्र सरळ आहे. एक गॅलन तेल ८५ टक्के कार्यक्षमतेच्या बॉयलरमधून सुमारे ३४ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता देते. पंप विजेच्या एका युनिटला हंगामाच्या सरासरीने २.७ युनिट उष्णता देतो असे धरले, तर तेवढ्यासाठी साडेबारा-तेरा युनिट वीज लागते, आणि ३० सेंटच्या दराने ती ३.८० डॉलरला पडते. तेल त्याहून स्वस्त असेल तेव्हा पंपाने बचत होत नाही, हे विक्रेते आपणहून सांगत नाहीत. तरीही उन्हाळ्यातला गारवा आणि तेलाचा गेलेला वास यांमुळे मी पुन्हा पंपच घेईन, फक्त बॉयलर काढून टाकणार नाही. गेल्या ऑक्टोबरात काठोकाठ भरलेल्या टाकीचा काटा एप्रिलमध्ये पाऊण दाखवत होता.